आत्या-१ चालू आहे

वीज कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या शेजारी-शेजारी होत्या आणि मधे काचेची भिंत. एका खोलीत खरी वीज, दुसरीत खोटी.

खऱ्या विजेच्या खोलीत भिंतभर बोर्ड होता. त्यावर लाल-हिरवे दिवे, थरथरणारे काटे, आणि समोर मोडक्या खुर्चीत एक म्हातारा. त्याला सगळे बोर्डबाबा म्हणत. शहरात कुठे पंखा मंदावायचा झाला तर आधी बोर्डबाबाच्या कपाळाला आठी पडे, मग लोकांना उकडायला लागे. काचेपलीकडे चार तरुण इंजिनिअर, गुळगुळीत टेबलं, आणि एसी असा की कप ओठाला लागेपर्यंत चहाचं सरबत व्हावं. तिथे चाले ते सिम्युलेशन. म्हणजे उद्याची वीज आज कॉम्प्युटरात खोटी-खोटी वाहवून बघायची. अमुक केंद्र बंद पडलं तर काय होईल, तमुक तार तुटली तर कोण अंधारात जाईल. काहीही तुटलं-फुटलं तरी कुणाच्या घरचा दिवा जात नसल्यामुळे तिथले सगळे मोठे शूर होते.

या खोलीतले त्या खोलीतल्यांशी बोलत नसत. भांडण नव्हतं हो. बोलण्यासारखं काही आहे असं दोघांनाही कधी वाटलं नाही, एवढंच. दोन्ही दारं उघडणारं माणूस एकच, ते म्हणजे चहावाल्या आत्याबाई.

तीस वर्षं कँटीन त्यांच्याकडे. अंगाने ठेंगण्या, आवाजाने उंच. शाळेच्या दोन इयत्ता झाल्या, तिसरीला मास्तरांनीच हात टेकले. पण आपलं नाव वाचता येत होतं, आणि ज्याला आपलं नाव वाचता येतं त्याला जगात आणखी काय वाचायचं असतं, असा त्यांचा सवाल होता. तीस वर्षांत चहाला पाच मिनिटं उशीर नाही. चहा कमी पडला, असं तर कुणी म्हणूच शकत नव्हतं. अचानक दहा पाहुणे टपकले तरी त्याच किटलीतून दहा कप निघत. कसे निघत ते किटलीला ठाऊक आणि आत्याबाईंना. "आपल्याकडे 'संपला' हा शब्द नाही," असं त्या मान ताठ करून सांगत, आणि समोरचा मान डोलवीपर्यंत हलत नसत.

काचेपलीकडच्या चौघांतला एक त्यांचा भाचा. भावजय लवकर गेली, भाऊ कामासाठी गावोगाव फिरायचा, तेव्हा पोर आत्याच्या पदरात पडलं ते तिथेच वाढलं. आत्याने कपबश्या विसळून त्याला इंजिनिअर केलं होतं आणि ही गोष्ट ती त्याला विसरू देत नव्हती. विसरला असता तर तिचं अर्धं बोलणंच संपलं असतं.

तर झालं असं. एका सोमवारी काचेपलीकडच्या खोलीत मोठ्या साहेबांची बैठक होती. मोठे साहेब म्हणजे कार्यालयाचे मुख्य, निवृत्तीला चार महिने उरलेले, आणि जाता जाता एखादी फीत कापून जावी अशी हौस. नदीकाठचं जुनं वीजकेंद्र कायमचं बंद करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. धूर ओकतं, खडखडतं, फोटोत बरं दिसत नाही. पुढच्या बुधवारी समारंभ, आणि गुरुवारी भंगारवाले यंत्रं कापायला येणार.

भिंतीवरच्या पडद्यावर शहराचा नकाशा होता. भाच्याने कळ दाबली, जुनं केंद्र काळं झालं, आणि बाकीचं सगळं शहर हिरवंगार राहिलं.

"बघा," मोठे साहेब म्हणाले. "त्या डबड्यावाचून कुणाचं काही अडत नाही."

आत्याबाई कप मांडत होत्या. मांडता मांडता त्यांची नजर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात गेली आणि हातातली बशी हातातच राहिली. तिथे स्पष्ट लिहिलं होतं,

आत्या-१ : चालू

"अगंबाई," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ही मी का?"

भाच्याचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला. लाजला, असं आत्याबाईंना वाटलं. शेजारच्या इंजिनिअरने हसून सांगितलं, "तुमचंच नाव असणार, आत्याबाई! नंबर एकचं केंद्र आहे. चार वर्षांत एक दिवस बंद नाही. उत्तर नाक्यापुढे, जुन्या वीटभट्टीच्या मागे."

"गेल्या वर्षीचं उत्कृष्ट केंद्र," मोठे साहेब म्हणाले. "प्रमाणपत्र माझ्या खोलीत लावलंय."

त्या दिवशी आत्याबाईंनी सगळ्यांच्या चहात साखर जरा सढळ घातली.

तिथून त्या काचेअलीकडे आल्या, बोर्डबाबासमोर कप आदळला आणि म्हणाल्या, "यातला माझा दिवा कुठला, दाखवा."

"कसला दिवा?"

"आत्या-एक. उत्तर नाक्यापुढे."

बोर्डबाबाने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली, जणू चाळीस वर्षांत ती पहिल्यांदाच बघतो आहे. "इथे नाही बाई असं काही."

"नीट बघा, चष्मा लावून."

"चष्मा लावूनच बघतोय. उत्तरेला भर दुपारी जे जास्तीचं लागतं ते सगळं त्या नदीकाठच्या जुन्या केंद्रातून. दुसरं काही नाही."

"आणि ते बंद केलं तर?"

"मला कोण विचारतंय?" बोर्डबाबा म्हणाला आणि चहा फुंकू लागला.

म्हातारा जळतोय, असा आत्याबाईंनी निकाल दिला. चाळीस वर्षं बोर्डासमोर बसूनही याच्या नावाचं साधं बटण नाही, आणि चहावालीच्या नावाचं केंद्र! जळणारच.

घरी गेल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी सुनेला बातमी दिली. सून म्हणजे भाच्याची बायको. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे कुणी काही सांगितलं की आधी शंका घ्यायची तिला खोड होती.

"तुमच्या नावाचं केंद्र? आणि हे मला काही बोलले नाहीत ते?"

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझ्या नावाचं का नाही."

"माझ्या नावाचं नको बाई. मग रोज वेळेवर बंद करायला लागेल ते. तुमचं एकदा सुरू झालं की कोण बंद करणार?"

भाचा ताटावरून अर्ध्यात उठला. पोट दुखतंय म्हणाला. आत्याबाईंनी त्याला ओवा दिला आणि शेजारच्या चार घरांत बातमी दिली. दुसऱ्या दिवशी गल्लीत कुणाच्या घरी दिवा लागला की आत्याबाई दारातून म्हणत, "लागला ना? लागणारच."

सुट्टीच्या दिवशी त्यांनी ठेवणीतले कपडे घातले, पर्स घेतली आणि सुनेला म्हणाल्या, "चल. माझं केंद्र बघून येऊ. तुझे डोळे एकदाचे निवू देत."

भाच्याने खूप सांगून पाहिलं. आज तिकडची बस नसते, आत सोडत नाहीत, ऊन फार आहे. जितकं जास्त सांगे तितकी आत्याबाईंची पर्स खांद्यावर घट्ट बसे.

बसने उत्तर नाका आला. तिथून वीटभट्टी चालत वीस मिनिटं. वीटभट्टीचं धुराडं तेवढं उरलं होतं, त्यावर एक कावळा. मागे मोठं मोकळं मैदान. मैदानात बांबू रोवलेले, बांबूंना दोऱ्या, आणि दोऱ्यांवर पन्नास-साठ पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या. एक लॉन्ड्रीवाला बादली उपडी करून त्यावर बसला होता.

"वीजकेंद्र कुठे हो इथलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"इथलं?"

"आत्या-एक."

लॉन्ड्रीवाल्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. उन्हात चालून आलेल्या बायका, तेव्हा त्याने आधी पाणी दिलं. मग म्हणाला, "मावशी, मी बारा वर्षं इथे कपडे वाळवतोय. इथे विजेचा खांबसुद्धा नाही. असता तर इस्त्री इथेच नसती केली?"

आत्याबाई चादरींच्या रांगांतून पार शेवटापर्यंत चालत गेल्या. पलीकडे नाला होता. नाल्यापलीकडे काही नव्हतं. त्या परत आल्या तेव्हा सुनेने काहीतरी लागेल असं बोलायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते तसंच मिटलं. बसमध्ये दोघी खिडकीबाहेर बघत बसल्या.

संध्याकाळी भाचा घरात आला तेव्हा आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्या अंगावरून उडी मारल्याशिवाय आत जाता येत नव्हतं.

"चादरी छान वाळतात तिकडे," त्या म्हणाल्या.

भाचा मटकन खाली बसला. "आत्या, ते केंद्र नाहीच."

"ते मी बघून आले. का नाही, ते सांग."

मग त्याने सांगितलं. कॉम्प्युटरमधल्या खोट्या विजेचा नियम एकच. जेवढी वीज जाते तेवढी कुठून तरी यायला हवी. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर कॉम्प्युटर हट्टी पोरासारखा लालेलाल होऊन बसतो, उत्तरच देत नाही. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या लोकांना सगळं दाखवायचं होतं आणि गणित काही केल्या बसेना. म्हणून त्याने उत्तरेला मोकळ्या जागेत एक केंद्र घुसवलं. जेवढं कमी पडेल तेवढं द्यायचं, एवढंच त्याचं काम. गणित फटदिशी बसलं.

"दुसऱ्या दिवशी काढूनच टाकणार होतो."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी शाबासकी मिळाली."

सुनेने कपाळाला हात लावला. भाचा पुढे सांगत राहिला. तीच फाइल पुढच्या वर्षी वापरली, त्यापुढच्या वर्षी तिची नक्कल, मग नकलेची नक्कल. प्रत्येकीवर सह्या. सह्या करणाऱ्यांतले दोघं बढती घेऊन वरच्या मजल्यावर गेले. आता कुणी नकाशा उघडला की आत्या-१ तिथे असतेच, जशी नदी असते.

"आणि माझं नाव कशाला चिकटवलंस त्याला?"

भाच्याने मान खाली घातली. "घाईत दुसरं सुचलं नाही. घरात काहीही कमी पडलं की तूच कुठून तरी आणायचीस. फी असो, जेवण असो. कुठून आणतेस ते मी कधी विचारलं नाही. म्हणून... मर्यादाही घातली नाही बघ त्याला. जितकं मागाल तितकं देईल, असंच लिहिलंय."

आत्याबाईंना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी त्या बरं वाटण्याची दुसरी बाजू उलटून बघितली.

"मर्यादा नाही?"

"नाही."

"थकणं नाही, दुखणं नाही, सुट्टी नाही?"

"नाही."

"मग ती मी कशी रे?" आत्याबाई म्हणाल्या. "मेल्या, कुठून आणते ते एकदा विचारलं असतंस तर आडात किती पाणी आहे ते कळलं असतं तुला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? बरं, ते राहू दे. बुधवारी जुनं केंद्र बंद केलं की काय होणार?"

"दुपारी तीनच्या सुमाराला, सगळ्यांचे पंखे जोरात असतील तेव्हा, उत्तरेकडचं अर्धं शहर बसेल. दवाखाना, पाण्याचे पंप, सगळं. आणि गुरुवारी यंत्रं कापली की परत चालूही करता येणार नाही."

"आणि लोक काय म्हणतील?"

"चौकशी बसेल. फायली उघडतील. उत्तरेला कोण वीज देणार होतं, ते बघतील." तो थांबला. "आत्या-१ ने ऐन वेळी दगा दिला, असं म्हणतील."

हे मात्र आत्याबाईंना बसलं. तीस वर्षांत ज्या बाईचा चहा कमी पडला नाही, तिच्या नावावर अर्ध्या शहराचा अंधार! अन् तोही न दिलेल्या शब्दापायी.

"उद्या सकाळी साहेबांना सांग."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"तुम्हाला काय जातंय जाऊ दे म्हणायला?" सून उसळली.

"मला?" आत्याबाई उंबऱ्यावरून उठल्या. "वीस वर्षं कपबश्या विसळून उभी केली ती नोकरी. माझी आधी जाईल, याची मागून."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता भाचा मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला. पाय मागे ओढत होते, पण मागे आत्याबाई किटली घेऊन उभ्या होत्या, म्हणून पुढेच जावं लागलं. साहेबांच्या डोक्यावर, चौकटीत, सोनेरी अक्षरांत प्रमाणपत्र होतं. उत्कृष्ट केंद्र, आत्या-१.

भाच्याने सगळं सांगितलं. साहेबांनी ते ऐकलं, म्हणजे त्यांची बोटं टेबलावर वाजायची थांबली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, साहेब."

"चार वर्षांत एकदाही बंद न पडलेलं केंद्र, आणि तू म्हणतोस नाही?"

"नाही म्हणूनच बंद पडलं नाही, साहेब."

"मी जाऊन आलेय," आत्याबाई मधेच म्हणाल्या. "चादरी वाळतायत तिथे."

"आत्याबाई, हा तांत्रिक विषय आहे."

"असू दे की. चादरी तांत्रिक आहेत असं कुठे म्हणाले मी?"

साहेब उठले, दार लावून आले. आवाज खाली गेला. "हे बघ. त्या फायलीवर माझी सही आहे. माझ्याआधीच्या साहेबांची आहे, ते आता वर बसलेत. त्यांच्या वरच्यांनी भाषणात त्या केंद्राचा उल्लेख केलाय, टाळ्या घेतल्यात. तू कुणाकुणाला खोटं पाडणार? केंद्र आहे. फायलीत आहे, नकाशात आहे, भिंतीवर आहे. आणखी कुठे असायला हवं?"

"बुधवारी वीज जाईल, साहेब."

"बुधवारचं बुधवारी बघू. कदाचित ढग येतील. पंखे कमी लागतील."

आत्याबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आतापर्यंत त्यांचा समज होता की साहेबाला कळत नाही. मूर्ख माणसाला शहाणं करायचा त्यांना तीस वर्षांचा सराव होता. पण याला तर सगळं कळत होतं. हा घाबरला होता. घाबरलेल्या माणसाला खरं सांगून काय उपयोग? तो खऱ्यालाच जास्त घाबरतो. त्याला पळायला वाट दाखवावी लागते.

त्यांनी चहा ओतला. ओतता ओतता सहज विचारावं तसं विचारलं, "साहेब, तुमची ही केंद्रं दुरुस्तीला जातात का हो कधी?"

"जातात की. सगळीच जातात."

"मग हिलाच का चार वर्षांत एकदाही पाठवलं नाही? यंत्रच ना ते? बिघडायचं नाही का त्याने?"

मग साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. नदीकाठच्या केंद्रानेही कधी इतका दिला नसेल.

"बिघाड," ते म्हणाले. "अचानक. परवाच लक्षात आला. आत्या-१ बंद, त्यामुळे जुनं केंद्र तूर्त बंद करता येत नाही. समारंभ पुढे ढकलावा लागेल." मग जरा खट्टू होऊन, "फितीची कात्रीसुद्धा आणली होती. पण यंत्रापुढे कुणाचं चालतं? यात कुणाची चूक म्हणता येणार नाही."

"कुणाचीच नाही," आत्याबाई म्हणाल्या.

भाच्याने तिथेच कॉम्प्युटर उघडला. बिघाडाच्या फॉर्मवर केंद्राचं नाव आपोआप उमटलं. खाली कारणाची जागा रिकामी.

साहेब खुर्चीत मागे रेलून सांगू लागले. अशा वेळी त्यांची भाषा आपोआप फुलत असे. "लिही. आत्या-१. जुनाट. झिजलेली. क्षमता संपलेली. भरवशाची नाही."

भाच्याची बोटं थांबली. त्याने आत्याकडे बघितलं. "साहेब, आधी नाव बदलून घेऊ? उत्तर-१ करतो."

"वेडा आहेस का? चार वर्षांच्या फायलींत तेच नाव आहे. आज बदललं तर पहिला प्रश्न तोच येईल."

आत्याबाईंच्या हातातली किटली जड झाली होती. "जुनाट लिही," त्या म्हणाल्या. "झिजलेली पण लिही, चालेल. भरवशाची नाही, तेवढं नको. ते खोटं आहे."

"आत्याबाई," साहेब समजुतीने म्हणाले, "भरवशाची आहे असं ठेवलं तर वरचे म्हणतील, आठ दिवसांत दुरुस्त करा आणि जुनं केंद्र बंद करा. मग?"

बंद दारापलीकडे कुठेतरी फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. आत्याबाईंना वीटभट्टीमागचं मैदान आठवलं, ती बादली, ते पाणी. अर्ध्या शहराचा दवाखाना आठवला नाही. तो मोठा होता, डोळ्यांपुढे मावेना. गल्लीत दारोदार सांगितलेलं मात्र एकेक आठवलं. लागला ना? लागणारच.

"लिही," त्या म्हणाल्या.

"आत्या..."

"लिही म्हटलं ना! आणि मोठ्या अक्षरांत लिही. म्हणजे लांबून वाचता येईल."

बुधवार उजाडला. ढग आले नाहीत. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. दुपारी तीनला बोर्डबाबाच्या बोर्डावरचा नदीकाठचा काटा वर वर चढत गेला, लाल रेघेला टेकला, तिथे थरथरला आणि तिथेच राहिला. बोर्डबाबाने कपाळ पुसलं. जुनं केंद्र खडखडत, धूर ओकत, फोटोला अजिबात बरं न दिसता चालू होतं. उत्तरेकडे सगळे पंखे फिरत होते, आणि त्यांच्याखाली झोपलेल्यांना काहीच कळलं नाही.

काचेपलीकडे पडद्याच्या कोपऱ्यात आता लाल अक्षरं होती.

आत्या-१ : बंद. भरवशाची नाही.

"काय आत्याबाई," तिथला एक इंजिनिअर कप घेता घेता म्हणाला, "तुम्ही बंद पडलात म्हणे!"

"पडले," आत्याबाई म्हणाल्या. "तू बिस्किट घे."

गल्लीतही बातमी पोचली. बातम्यांना तार लागत नाही. कोपऱ्यावरच्या शिंपिणीने सुनेला गाठून विचारलं, "काय गं, आत्याबाईंचं ते केंद्र खराब निघालं ना?" एरवी सुनेने यात दोन चमचे आपले घातले असते. पण ती गणिताच्या बाईच्या आवाजात म्हणाली, "तुमच्या डोक्यावर पंखा फिरतोय ना? मग शिवा गुपचूप." आणि घरी येऊन आत्याबाईंच्या हातातलं भांडं काढून घेतलं. "बसा तुम्ही. दुरुस्तीला आहात ना?" त्यात टोमणा किती आणि माया किती, हे आत्याबाईंनी मोजलं नाही. बसल्या.

कार्यालयाने कार्यालयासारखंच केलं. दुरुस्तीसाठी समिती नेमली. समिती एसी गाडीतून वीटभट्टीपर्यंत गेली, उन्हामुळे गाडीतून उतरली नाही, आणि काम समाधानकारक सुरू असल्याचा अहवाल तिने दिला. मैदानाच्या तोंडाशी दोन लोखंडी खांबांवर 'प्रवेश बंद, वीजकेंद्र' अशी पाटी लागली. लॉन्ड्रीवाल्याने त्या खांबांना आणखी एक दोरी बांधली.

अशा रीतीने तीन महिने गेले. मोठ्या साहेबांच्या निवृत्तीला दोन आठवडे राहिले, आणि त्यांची कात्री परत सळसळू लागली. त्यांनी आत्याबाईंना खोलीत बोलावलं. खुर्चीसुद्धा दिली, म्हणजे काहीतरी मागायचं होतं.

"आत्याबाई, अहवाल चांगला आहे. दुरुस्ती जवळजवळ झालीच म्हणायची. तुमच्या भाच्याला मी सांगितलं, आत्या-१ परत हिरवी कर. पण तो म्हणतो, आत्याला विचारा." साहेब हसले. "तर काय म्हणता? आता बरी झाली म्हणायला हरकत नाही ना? तुमचं नावही साफ होईल. उत्कृष्ट केंद्र! प्रमाणपत्र मी काढलेलं नाही बघा अजून."

आत्याबाईंनी वर बघितलं. सोनेरी अक्षरं जागच्या जागी होती. नाव तसं सुंदर दिसत होतं. कुणी पुसून बिसून ठेवत असावं.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "तिचं वय झालं. ती काही उठत नाही आता."

"अहो, पण समितीचा अहवाल..."

"समितीला सांगा, तिची आतली तार तुटलीय. ती वरून दिसत नाही." त्या उठल्या. "आणि कुणाला खात्री करून घ्यायची असेल तर बारा वर्षं तिथे बसणारा एक माणूस मला ठाऊक आहे. आणू का त्याला इथे? बादलीसकट येईल."

साहेबांनी घाईघाईने दोन्ही हात हलवले. नको, नको.

आत्याबाईंनी त्यांच्यापुढे कप ठेवला आणि किटली तिरकी केली. अर्धा कप भरला तशी त्यांनी ती सरळ केली.

साहेब कपाकडे बघत राहिले. "हे काय?"

"संपला," आत्याबाई म्हणाल्या.

तीस वर्षांत हा शब्द त्या तोंडातून निघाला नव्हता. दारापाशी उभ्या असलेल्या शिपायाने चमकून वर बघितलं. आत्याबाईंनी शांतपणे दार ओढून घेतलं आणि जड किटली सांभाळत त्या बोर्डबाबाकडे गेल्या. त्याच्या नदीकाठच्या काट्याकडे एकदा बघितलं, आणि त्याचा कप काठोकाठ भरला. मग दुसरा कप काढून तोही भरला, आणि मोडक्या खुर्चीशेजारचं स्टूल ओढून, तीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत, स्वतः चहा प्यायला बसल्या.